कापसाचा महिना

कुमुदताई, काल तुमच्या घराची किल्ली परत दिली आणि माझ्या यादीतलं शेवटचं काम संपलं. खेमेंटेत, म्हणजे इथल्या डच नगरपालिकेत, तुमचं नाव कमी करून झालं, डॉक्टरांना कळवून झालं, ग्रंथालयाची पुस्तकं परत गेली, सायकल निर्वासित केंद्रातल्या एका बाईला दिली. सार्वजनिक बागेतल्या तुमच्या भाड्याच्या वाफ्याची चावी नव्या माणसाच्या हातात ठेवली. सगळ्या कामांपुढे खुणा झाल्या. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "झालं ना गं पुणेकरीण? आता माझ्यापुढेही खूण करून टाक." ती मी केलेली नाही.

आज रविवार. सकाळचा चहा होईपर्यंत तुमचा फोन यायचा. तुम्ही कधी "हॅलो" म्हणाला नाहीत. थेट विचारायचात, "केसर?" आणि मी म्हणायचे, "इथेच." मग तुमचा श्वास सुटल्याचं ऐकू यायचं आणि त्यानंतर तुमच्या गुडघ्याच्या, माझ्या लेकीच्या, वाखनिंगनच्या बाजारात मिळालेल्या मेथीच्या गोष्टी. केसर आणि तिची मुलगी पारू अजून निर्वासित केंद्रात आहेत, त्यांना सिंधला परत पाठवण्याचा निर्णय आलेला नाही, एवढं सगळं त्या एका शब्दात असायचं. त्यांना तुमच्या जवळच्या केंद्रातून माझ्या जवळच्या, नायमेखनच्या केंद्रात हलवलं तेव्हापासून ही खबर द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी ते चोख केलं. आज खबर आहे की नाही ते मला माहीत नाही, आणि कोणाला द्यायची तेही.

मी या प्रकरणात आले ती ड्रायव्हर म्हणून. तुम्हाला गाडी येत नव्हती आणि मला नाही म्हणता येत नव्हतं. गणपतीच्या कार्यक्रमातून तुम्हाला घरी सोडताना तुम्ही सहज विचारावं तसं विचारलंत, "शनिवारी काय करून राहिली?" मी म्हणाले, कपडे, वाणसामान, इस्त्री. "म्हणजे मोकळीच आहे," तुम्ही म्हणालात. त्या शनिवारी मी तुमच्यासोबत वाफ्यावर होते. केंद्रातल्या बायका तिथे तुमच्याबरोबर भाजी लावायला यायच्या.

आपलं पहिलं भांडण तिथून परत येताना झालं. मी म्हणाले होते, "ताई, आम्ही रीतसर परवाना काढून आलो. कागद भरले, थांबलो, मग विमानात बसलो. नियम सगळ्यांना सारखे नकोत?"

"तू विमानात शाकाहारी जेवण सांगून आलीस," तुम्ही म्हणालात. "बरं केलंस. तिला परवाना कोण देणार होतं? ज्याच्यापासून पळून राहिली, तोच?"

"मी तत्त्वाचं बोलतेय."

"मी केसरचं बोलून राहिले. डावीकडे वळ, चुकलीस."

ते भांडण कधीच संपलं नाही. फक्त मी दर शनिवारी जात राहिले.

वाफ्यावरच्या तुमच्या काचघरात कुंडीत कापूस होता. या देशात, या उन्हात! कापसाच्या रोगांवर इथल्या प्रयोगशाळेत उभं आयुष्य काढलेल्या बाईने निवृत्तीनंतर वर्ध्याकडची सरकी आणून एक झाड जगवलं होतं. पहिलं बोंड फुटलं तेव्हा तुम्ही वाटीत दहीभात आणलात, झाडाच्या बुडाशी ठेवलात आणि मला सांगितलंत की तुमच्याकडे वेचणी सुरू करण्याआधी शेतात सीतादही करतात. एका बोंडासाठी सीतादही! मी हसले. मागे उभी असलेली केसर हसली नाही. ती पुढे आली, तीन बोटांनी कापूस उचलला आणि तुमच्या तळहातावर ठेवला. बोंडाचं टरफलसुद्धा हाताला आलं नाही. तुम्ही तो कापूस उलटा-सुलटा पाहिलात आणि हिंदीत विचारलंत, "कितने साल चुना?" ती म्हणाली, "दीदी, चलना सीखा तब से."

तिची हकीकत तुम्हाला तिने तिथेच, वाफे खुरपता खुरपता सांगितली. मला ती तुमच्याकडून कळली. गावात शेजारच्या झोपडीतली मुलगी जमीनदाराच्या माणसांनी उचलून नेली. पाहिलं सगळ्यांनी. कोर्टात सांगितलं एकट्या केसरने. त्यानंतर तिचा नवरा बाजारातून परत आला नाही, आणि तिला निरोप आला की आता पाळी पारूची. पारू तेव्हा जेमतेम शाळेत जायच्या वयाची होती.

इथे स्थलांतर खात्याने तिची दोनदा मुलाखत घेतली. पहिल्या वेळी ती म्हणाली, साक्ष दिली तेव्हा कापसाची दुसरी वेचणी चालू होती. दुसऱ्या वेळी म्हणाली, होळीच्या दोन महिने आधी. खात्याने दोन्ही वाक्यं शेजारी ठेवली, वेचणी दिवाळीपर्यंत संपते असं धरलं आणि ठरवलं की महिना जुळत नाही, म्हणून साक्षीवर विश्वास नाही. साक्षच नाही, तर मग धोका कसला. अर्ज नामंजूर.

मला खात्याचं म्हणणं पटलं होतं, ताई. संगणकाच्या चिपच्या कारखान्यात मालाचं नियोजन करणारी बाई मी. दोन कागदांवर दोन तारखा दिसल्या की मी माल अडवते. तुम्हाला तसं म्हणाले, तर तुम्ही म्हणालात, "माल अडवतेस. त्याला परत जाऊन मरायला तर नाही लावत?"

कोर्ट काय करतं हेही तुम्हीच मला समजावलंत. मला वाटायचं, न्यायाधीश तिला राहायचा परवाना देतील किंवा देणार नाहीत. तुम्ही भेंडी चिरता चिरता सांगितलंत की तसं नसतं. खात्याने नकाराची जी कारणं दिली ती उभी राहतात का, हे न्यायाधीश तपासतात. "आणि तिथं दोन प्रश्न असतात," तुम्ही म्हणालात. "तिला निर्वासित मानायचं का, हा एक. तिला तिकडं धाडता येतं का, हा दुसरा. पहिल्याला नाही म्हटलं तरी दुसरा उरतो. जिथं माणसाला छळतील, मारतील, तिथं त्याला ढकलायचं नाही. कोणालाच. चांगला असो, वाईट असो, तारीख विसरलेला असो." मी विचारलं, मग खात्याने दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर काय दिलंय? तुम्ही सुरी थांबवलीत. "तेच तर विचारायला चाललो आपण."

केसरच्या वकीलबाईंनी तुम्हाला कापसाच्या हंगामाबद्दल निवेदन लिहायला सांगितलं, तेव्हा तुम्ही खूश होतात. इतकी वर्षं ज्या झाडावर घालवली ते आता कोणाच्या कामी येणार होतं. तुम्ही लिहिलंत: पेरणी पावसाबरोबर, पहिली वेचणी दिवाळीच्या सुमारास, दुसरी डिसेंबर-जानेवारीत. होळीच्या दोन महिने आधी म्हणजे तोच काळ. दोन वाक्यं एकमेकांना जुळली. वकीलबाईंनी ते निवेदन कोर्टाला पाठवलं आणि तुम्हाला सांगितलं की आता बाजू भक्कम आहे. त्या संध्याकाळी तुम्ही मला फोनवर गाणं म्हणून दाखवलंत. बेसूर.

मग तो उकाड्याचा शनिवार. सुनावणीला थोडेच दिवस होते. काचघरात उभं राहवत नव्हतं. नायमेखनहून माझ्या गाडीतून आलेली केसर टोमॅटोला काठ्या बांधत होती, ओढणीने मान पुसत म्हणाली, "चुनाई जैसी गरमी है आज. ऐसे ही पसीना आता था, रुई हाथ को चिपकती थी."

मी पाण्याची झारी भरत होते. तुमच्याकडे पाहिलं तर तुम्ही हातातली सुतळी तशीच धरून उभ्या होतात. वर्ध्याला कापूस थंडीत वेचतात. पहाटे, दवात, बोटं बधिर होईपर्यंत. ते तुम्हीच मला सांगितलं होतंत.

"केसर, चुनाई कब होती है तुम्हारे यहाँ?"

"पहली जेठ-आषाढ़ में. दूसरी सावन-भादों में."

सिंधमध्ये कालव्याचं पाणी असतं. पावसाची वाट कोण पाहतं? पेरणी उन्हाळ्याच्या तोंडाला, दुसरी वेचणी ऑगस्टच्या आसपास. तुम्हाला हे माहीत नव्हतं असं नाही, पुस्तकात वाचलेलं होतं. पण निवेदन लिहिताना तुमच्या डोळ्यांपुढे तुमच्या बापाचं वावर होतं. तुम्ही सिंधच्या कापसाला वर्ध्याचं पंचांग लावलं होतंत. आणि नेमकं त्या चुकीच्या पंचांगाने केसर खरी ठरत होती. बरोबर पंचांगाने तिच्या दोन वाक्यांत पाच महिन्यांचं अंतर पडत होतं.

दोन दिवसांनी मी तुम्हाला वकीलबाईंकडे नेत होते. गाडीत बसताच तुम्ही म्हणालात, "निवेदन मागे घेणार आहे. दुसरं लिहिलंय."

"ताई, तिथे कापूस कोणाला कळतो?"

"मला कळतो ना."

"खात्याने एक शब्द काढलेला नाही. कोणी विचारणार नाही. राहू द्या."

"नाही."

"तुमचं नाव स्वच्छ राहील, आणि ती जाईल परत. पारूला घेऊन. दुसऱ्याच्या जिवावर खरेपणा करायला काय जातं?"

तुम्ही उत्तर दिलं नाहीत. मला उत्तर हवं होतं. तुमच्यासारखी वाद घालणारी बाई, वर्ध्याचा एक तिखट शब्द तरी टाकेल म्हणून मी वाट पाहत होते. तुम्ही बाहेर बघत राहिलात, कालव्यावरच्या बदकांकडे. वकीलबाईंनी आत तुम्हाला बरंच सुनावलं होतं, ते परत येताना चेहऱ्यावरून कळत होतं. मी रेडिओ लावला.

सुनावणीच्या दिवशी मी मागे बसले होते. परवानगी काढून, ओळखपत्र दाखवून. खोली लहान होती, शाळेतल्या वर्गासारखी. न्यायाधीशबाईंनी तुमचं दुसरं निवेदन हातात घेतलं आणि तुमच्याकडे पाहिलं. त्यांच्या डचला तुम्ही तुमच्या त्या वर्धेकडच्या हेलातल्या डचमध्ये उत्तरं दिलीत.

"या पिकावर तुम्ही किती काम केलंय?"

"नोकरीभर. आणि त्याआधी बापाच्या शेतात."

"तरीही पहिल्या निवेदनात महिने चुकले?"

"हो. मी माझ्या गावचा कापूस लिहिला."

"चूक लक्षात कशी आली?"

"तिला घाम आला, त्यावरून."

खात्याचा तरुण प्रतिनिधी हसला. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मग दुभाष्यामार्फत केसरला विचारलं, साक्षीच्या दिवशी थंडी होती की उन्हाळा.

केसर म्हणाली, "मौसम नहीं मालूम, साहब. अदालत का पंखा मालूम है. बंद था. बिजली गई थी या जाड़ा था, मालूम नहीं. मेरे पीछे वे लोग बैठे थे, मैं पंखे को देखकर बोल रही थी."

त्यानंतर न्यायाधीशबाई त्या तरुणाकडे वळल्या. महिना बाजूला ठेवला तर या हकीकतीतलं काय अमान्य आहे? मुलगी पळवली हे? साक्ष दिली हे? नवरा नाहीसा झाला हे? त्याने प्रामाणिकपणे कागद चाळले आणि म्हणाला की महिन्याचा परिणाम सगळ्यावर होतो. "आणि ती परत गेली तर तिचं काय होईल, याचा विचार कोणत्या पानावर आहे?" तो पुन्हा चाळू लागला. मला फक्त पानांचा आवाज आठवतो. तुम्ही मान खाली घालून बसला होतात, हात मांडीवर, परीक्षेला बसल्यासारख्या.

निकाल काही आठवड्यांनी आला. नकार रद्द. न्यायालयाने लिहिलं होतं की आयुष्यभर या पिकावर काम केलेल्या व्यक्तीचेही महिने चुकू शकतात, हे या सुनावणीत दिसलं. एवढ्या एका विसंगतीवर सगळी हकीकत नाकारायला कारणं पुरेशी नाहीत, आणि परत पाठवल्यास काय धोका आहे हे वेगळं तपासायला हवं होतं. खात्याने नव्याने निर्णय घ्यावा.

तुमची चूकच कामी आली होती, ताई! मी तेव्हा तुम्हाला म्हणाले, "तुम्ही हे आधीच ठरवलं होतंत, कबूल करा."

"नाही गं बाप्पा. मी तर रात्री रामरक्षा म्हणून राहिली होती. इतक्या वर्षांनी."

मी पेढे केले. तुम्ही म्हणालात, थांब, हे जिंकणं नाही, पुन्हा रांगेत उभं राहणं आहे. खातं पुन्हा नाही म्हणू शकतं, फक्त या वेळी नीट कारणं देऊन. मी तरी वाटले. केंद्रातल्या स्वागतकक्षातही दिले. आयुष्यात पहिल्यांदा काम पूर्ण होण्याआधी मी खूण केली होती.

आणि मग नवी मुलाखत व्हायच्या आधीच तुम्ही गेलात. वाफ्यावरून सायकलने घरी आलात, बूट काढलेत, खुर्चीत बसलात. शेजारीण म्हणाली, दाराशी कांद्याची पात ठेवलेली होती. त्याहून जास्त मला इथे लिहायचं नाही.

स्मशानगृहातली व्यवस्था मी केली. तुम्हाला आवडली असती, आणि तुम्ही नावंही ठेवली असतीत. इथल्या रीतीप्रमाणे नंतर कॉफी आणि केक होता. तुमचे प्रयोगशाळेतले गोरे सहकारी, आपल्या मंडळातली माणसं, वाफ्यावरच्या बायका, सगळे कप हातात धरून हळू बोलत होते. केसर खिडकीपाशी उभी होती. मी तिला केक नेऊन दिला, तर ती म्हणाली, "दीदी, एक बात है. उन्होंने मना किया था. अब वे नहीं हैं."

त्या उकाड्याच्या शनिवारनंतर, रविवारी, तुम्ही बस बदलत बदलत एकट्या तिच्याकडे गेला होतात. केंद्राच्या सामायिक स्वयंपाकघरात बसून तुम्ही तिला सगळं सांगितलंत: हा कागद ठेवला तर बहुतेक वाचशील, काढला तर मला माहीत नाही. कागद तुझ्यासाठी आहे, तू सांग. तिने विचारलं, "वह कागज़ झूठा है?" तुम्ही म्हणालात, "कल तक गलत था. अब मुझे मालूम है, तो अब झूठा है."

केसर माझ्याकडे न पाहता बोलत होती, काचेतून बाहेर, गाड्यांच्या तळाकडे. "मैंने बोला, हटा दो. सच्ची गवाही देकर मेरा सब गया, दीदी. घर, आदमी, गाँव. अब झूठी गवाही से बच जाऊँ, तो वह सब किसलिए गया?"

आणि तुम्ही तिला बजावलं होतंत की हे कोणाला सांगू नकोस, मंजिरीला, म्हणजे मला, तर नाहीच. हरलो तर लोक म्हणतील, केसरने स्वतःच्या हाताने घालवलं. तसं म्हणायचं असेल तर या कुमुदला म्हणू देत.

म्हणजे गाडीत मी बोलत होते तेव्हा तुमच्याकडे उत्तर होतं. ते तुम्ही बदकांकडे बघत गिळलंत.

ताई, मी तुमच्याशी पूर्ण सहमत झालेली नाही. हे तुम्हाला माहीत असायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, मेल्यावर सगळेच गोड बोलतात. मला अजून वाटतं की एखाद्याचा जीव पणाला लागलेला असताना कापसाचा महिना हलू दिला असता तर पृथ्वी उलटी झाली नसती. तुम्ही तिला विचारलंत हे बरोबर होतं. पण असं विचारायची वेळ एखाद्या बाईवर यावी, हे मला अजूनही सहन होत नाही. आणि मला सांगितलं नाहीत, हे तर मुळीच नाही. मी भांडले असते, हो. तुमच्याशी, मग केसरशी. शेवटी गाडी मीच चालवली असती ना? सोबत होते मी. ड्रायव्हर तर ड्रायव्हर.

तुमच्यामुळे मला एक गोष्ट येऊ लागली, तिचं नाव मला सांगता येत नाही. कारखान्यात आता दोन तारखा जुळल्या नाहीत की मी आधी फोन करते. त्या माणसाला विचारते, काय झालं होतं. माल अजूनही अडवते, पण विचारून.

नवी मुलाखत गेल्या आठवड्यात झाली. मी नेलं केसरला. वाटेत मी रेडिओ लावला नाही. बाहेर आल्यावर तिने सांगितलं की महिन्याचं पुन्हा विचारलं, आणि ती म्हणाली, महिना मला माहीत नाही, पंखा माहीत आहे. या वेळी त्यांनी परत गेल्यावर काय होईल तेही विचारलं. बराच वेळ विचारलं. पारूचं नाव लिहून घेतलं. निर्णय कधी येईल ते कोणी सांगत नाही. होय येईल की नाही, मला माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणायला मी शिकतेय.

कुंडीतला कापूस मी केसरला दिला. तिने तो केंद्राच्या खिडकीत ठेवलाय, धुवायच्या कपड्यांच्या वर. पारू तिच्या डच मैत्रिणींना सांगते की हे टी-शर्टचं झाड आहे.

हे लिहिताना चहा गार झाला. आणि आत्ता, या ओळीच्या आधी, फोन वाजला. रविवारचा फोन. स्मशानगृहात मीच कधीतरी बोलून गेले असेन केसरला, तुमच्या-माझ्या फोनबद्दल. तिने "हॅलो" म्हटलं नाही. मागे कुठेतरी कपड्यांचं मशीन घरघरत होतं, पारू कोणाला तरी डचमध्ये हाक मारत होती.

"दीदी," केसर म्हणाली, "यहीं हूँ."

म्हणून तुम्हाला कळवते, कुमुदताई. इथेच.